थांब की, अजून ड्रम आलेले नाहीत

वडगाव, बेळगाव

प्रिय मित्रा,

तुझं रेकॉर्डिंग येऊन आठवडा झाला. लगेच कळवलं नाही, कारण नीट ऐकायचं होतं. आमच्या गल्लीत दिवसभर मागांची खडखड, घरात दोन शब्द बोलायचे तर ओरडावं लागतं. परवा रात्री शेवटचा माग थांबला, तेव्हा दार लावून घेतलं आणि तुझं गाणं ओळीनं चार वेळा ऐकलं.

निपाणीच्या 1981 च्या तंबाखू आंदोलनावर गाणं करावंसं तुला वाटलं, यानंच मला भरून आलं. तंबाखूला दर मागत पुणे-बेंगळूर रस्त्यावर बसलेले शेतकरी, त्यांच्यावर झालेला गोळीबार, त्यात गेलेली माणसं. आपल्या भागाबाहेर हे आता कितीजणांना ठाऊक असेल? तू विचारलंस, ‘व्हायोलिनं घातली, वीसजणांचा कोरस घातला, तरी गाणं एपिक का वाटत नाही?’ मला वाटतं, पहिल्याच क्षणाला सगळे येऊन बसलेत म्हणून. गाण्याला पुढं जायला जागाच राहिली नाही.

कॉलेजातली तुझी खोली आठव. तू लेड झेपेलिनची कॅसेट लावली होतीस, ‘स्टेअरवे टू हेवन’. नुसती गिटार आणि बासरीसारखं काहीतरी वाजतंय, गाणारा हळू आवाजात काही सांगतोय. शेवटची बस चुकेल म्हणून मी उठायला लागलो, तर तू माझा दंड धरलास आणि म्हणालास, ‘थांब की, अजून ड्रम आलेले नाहीत.’ 1971 सालचं ते गाणं आठ मिनिटांचं, आणि ड्रम येतात चार मिनिटं उलटून गेल्यावर. तोवर आपण त्यांची वाट बघतोय हेही आपल्याला कळलेलं नसतं. मग ते येतात, चाल चढत जाते, इलेक्ट्रिक गिटार आभाळ फाडते, आणि सगळं संपल्यावर शेवटची ओळ तो माणूस एकटाच म्हणतो, साथीला काही नसताना. त्या रात्री मी पायी घरी आलो. ड्रम काही त्यांनी फार जोरात वाजवले नव्हते. इतका वेळ हात राखून धरला होता, म्हणून ते छातीत वाजले.

हेच मला पुढं सौंदत्तीला, यल्लम्माच्या डोंगरावर भेटलं. शेजारच्या मावशींच्या घरचे मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला तिथं जातात, त्यांच्या टेम्पोत मीही गेलो होतो. रात्री जोगुळभावीच्या तळावर तीन दगडांच्या चुली पेटलेल्या, जिकडं तिकडं भंडारा, पोरं पेंगुळलेली. देवीला वाहिलेली एक म्हातारी जोगतीण चौंडकं, ते एका तातीचं वाद्य, काखेत धरून बसली आणि गायला लागली. इतकं हळू, की जेवणारे जेवतच राहिले. रेणुकेची, म्हणजे यल्लम्माचीच कथा तुला माहीत आहे. वाळूची घागर घडवायची, नागाची चुंबळ करायची आणि नवऱ्याच्या पूजेला पाणी न्यायचं, हे रोजचंच. म्हातारी त्या घागरीतच अडकून पडली होती. वाळू कशी ओली केली, काठ कसा वळवला, नागाला कसं गोंजारून डोक्यावर घेतलं. अर्धा तास तरी घागरच चालली होती. मला वाटलं, ही कथेकडं वळणार कधी? मग रेणुकेचं मन एक क्षण ढळलं. त्या दिवशी वाळू हातातून गळून गेली, घागर होईना. आणि नवऱ्यानं मुलाला आईचं डोकं उडवायला सांगितलं ती ओळ आली, तेव्हा तिनं चौंडक्याच्या तातीवरचा हात काढून घेतला. ती एकच ओळ तिनं वाद्याशिवाय म्हटली. तळावर कुणाचं भांडंसुद्धा वाजलं नाही. पुढच्या क्षणाला पहिल्यांदा तिच्या मागच्या दोघी, मग शेजारची चूल, मग पार लांबच्या राहुट्यांतून, ‘उदं गं आई उदं!’ माझ्या शेजारी बसलेला टेम्पोवाला तोंडावर उपरणं धरून रडत होता.

मारायची गोष्ट एका ओळीत उरकली तिनं, आणि घागरीला अर्धा तास दिला. परत येताना गाडीत मी याच विचारात होतो. घागर इतकी हाताशी आणून दिली होती, म्हणून ती घडेना झाल्याचं आम्हाला लागलं.

आणि ती मागून आलेली हाळी. पवाड्यात शाहिरामागं झीलकरी ‘जी जी रं जी’ धरतात, आणि तिकडं बैलहोंगलकडचे कन्नड गीगी पदवाले ‘गीय गी’ धरतात. भाषा वेगळी, पण मागचा माणूस तोच. इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 साली आपल्या खानापूर तालुक्यात, नंदगडला फासावर दिलं. त्याच्यावरची लावणी ऐकताना मला अर्धे शब्द कळत नव्हते, तरी मागच्यांनी सूर उचलला की काटा यायचाच. एकाचं दुःख दुसऱ्यानं खांद्यावर घेतलं, हे समजायला शब्द लागत नाहीत. तुझा कोरस मात्र पहिल्यापासून पुढं उभा आहे. तो कुणाला ‘जी’ म्हणतोय?

अण्णा भाऊ साठेंची ‘माझी मैना गावावर राहिली’ परत एकदा ऐक. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली छक्कड, पण सुरुवात कुठून? पोटासाठी मुंबईला आलेला एक माणूस आणि गावी राहिलेली त्याची बायको. तिचं रूप, तिचे दागिने, निघतानाची तिची समजूत. बराच वेळ आपण त्या दोघांतच असतो. मग ती ताटातूट सरकत सरकत सगळ्या मुलखाची होते आणि त्यात बेळगाव, कारवार ही नावं येतात. आपल्याकडं ती ओळ आली की बसलेली माणसं सावरून बसतात, हे तू लहानपणापासून बघितलंयस. ध्रुवपद तेच असतं, पण आता मैना म्हणजे दुसरंच काही झालेलं असतं. तुझं ध्रुवपद तीन वेळा येतं आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ तोच राहतो. इथं मला सगळ्यात जास्त अडलं.

पण दुसऱ्या कडव्यात दोन ओळी आहेत, विड्या वळणाऱ्या काकूंच्या मांडीवरच्या सुपाच्या. तेंदूचं पान, त्यावर पत्र्याचं माप, कात्रीची कचकच, आणि तंबाखूच्या धुळीनं येणारा खोकला. मित्रा, तुझं गाणं तिथं आहे! त्या ओळी व्हायोलिनांखाली गाडल्या गेल्यात. त्या पहिल्यांदा घे. नुसती गिटार आणि कात्री, दोन-तीन मिनिटं दुसरं काही नको. रस्त्यावरची गर्दी, गोळीबार, सगळं मागून येऊ दे. आणि गोळीबाराच्या ओळीला कात्री थांबव.

कात्रीचा आवाज स्टुडिओत बनवू नकोस. काकूंची कात्री घरात असेलच, त्यांनाच चार पानं कापायला सांग आणि फोनवर रेकॉर्ड कर. मध्ये त्या खोकल्या तर तो खोकला काढू नकोस. कात्री सापडली नाही तर लगेच कळव, इथल्या मावशींकडं एक आहे, कुणाबरोबर तरी पाठवतो.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच