सायकल कॅरिअरने झाकलेले सेन्सर: इलेक्ट्रिक पिकअपबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
इलेक्ट्रिक मालवाहू वाहने

विषय: कंपनीच्या अधिकृत सायकल कॅरिअरमुळे मागचे सेन्सर, कॅमेरा व नंबरप्लेट झाकली जाण्याबाबत, तसेच सेन्सर बंद करून गाडी चालवण्याच्या सर्व्हिस सेंटरच्या सल्ल्याबाबत.

महोदय,

नाशिकमध्ये माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. सायकली भाड्यानेही देतो. शाळांच्या सहली, कंपन्यांच्या राइड्स, सुट्टीच्या दिवशी गंगापूर धरण, अंजनेरी, त्र्यंबकेश्वर, कधी इगतपुरी असा आमचा फेरा असतो. सायकली तिथवर न्यायला आणि राइडच्या मागून मदतीची गाडी म्हणून चालवायला तुमची इलेक्ट्रिक पिकअप घेतली. ती कर्ज काढून घेतली आहे, मी स्वतः चालवतो आणि घर याच धंद्यावर चालतं. हे आधीच नमूद करतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

गाडीच्या चालण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. गिअरची सायकल तेरा-चौदा किलोची. दहा भरल्या तरी दीड क्विंटल होत नाही, मोहदरीचा घाट गाडी सहज चढते. राइडच्या मागून तासन्‌तास हळू चालली तरी सायकल चालवणाऱ्यांच्या नाकातोंडात धूर जात नाही. ज्या गावातल्या महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आरपार ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली, त्या गावात सायकलवेड्यांची कमी नाही. त्यांच्यामागे डिझेलची गाडी फिरवायची माझी इच्छा नव्हती. प्रश्न आहे तो जागेचा.

हौद्यात सायकली उभ्या, एकीचं हँडल पुढे तर दुसरीचं मागे अशा लावल्या तर सहा बसतात. आणखी चार नेण्यासाठी डीलरने तुमच्या ॲक्सेसरीच्या यादीतला मागचा कॅरिअर सुचवला. तो चॅसिसला बोल्ट होतो, फाळक्याच्या बाहेर राहतो आणि त्यावर चार सायकली आडव्या, एकामागे एक टांगल्या जातात. मागच्या सेन्सरचं आणि कॅमेऱ्याचं काय, असं मी शोरूममध्ये स्पष्ट विचारलं होतं. “कंपनीचाच माल आहे, कंपनीने बघूनच दिला असणार,” असं उत्तर मिळालं. बिलावर कॅरिअरचा तुमचाच पार्ट नंबर छापलेला आहे.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. मागच्या बंपरमध्ये चार अल्ट्रासॉनिक सेन्सर आहेत. ते आवाजाची लहर सोडतात आणि ती आदळून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात. एक मीटरवरची वस्तू असेल तर साधारण सहा मिलिसेकंदांत उत्तर येतं. समोर सायकल आहे की माणूस, हे त्यांना कळत नाही. जे सगळ्यात जवळ असेल त्याचाच प्रतिध्वनी आधी येतो. कॅरिअर लावला की सगळ्यात जवळ सायकलीच असतात. रिव्हर्स टाकला की बजर सुरू होतो तो थांबतच नाही.

बजर नुसता सलग वाजत राहिला असता तरी निदान मागचं काही कळत नाही एवढं गृहीत धरून चालता आलं असतं. इथे तसंही नाही. पहिल्या सायकलचं डावीकडचं पेडल बरोबर मधल्या सेन्सरसमोर, वीतभर अंतरावर येतं. रस्त्याच्या हादऱ्याने पेडल फिरतं. ते वर गेलं की बजर मध्येच बंद होतो, खाली आलं की पुन्हा वाजतो. पेडल पट्ट्याने बांधून टाकलं तर मागच्या सायकलचं पुढचं चाक हँडलसकट डुलत राहतं आणि शेजारचा सेन्सर वाजू लागतो. म्हणजे बजर थांबला म्हणून मागे मोकळं आहे असं नाही आणि वाजला म्हणून कोणी आहे असंही नाही. रोज गाडी चालवणारा माणूस चार दिवसांत या आवाजाकडे लक्ष देणं सोडतो. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

कॅमेरा फाळक्याच्या मधोमध, कडीच्या वर आहे. कॅरिअर भरला की स्क्रीनवर फक्त आरे आणि टायरची नक्षी दिसते. आतला आरसा हौद्यातल्या सायकलींमुळे निकामी झालेला असतो, उरतात ते बाजूचे दोन आरसे. त्यांत गाडीच्या बरोबर मागची जागा दिसतच नाही.

आता हे एवढं मनावर का घ्यायचं, तर माझ्या गाडीमागे मुलं असतात. अंजनेरी फाट्यावर शाळेची मुलं हेल्मेट घालत होती आणि मी गाडी मागे घेत होतो. मदतनीस एका बाजूला उभा राहून “येऊ द्या, येऊ द्या” म्हणत होता. दुसऱ्या बाजूने सहावीतला एक मुलगा घरंगळत गेलेली पाण्याची बाटली उचलायला गाडीमागे वाकला. मदतनिसाने ओरडून फाळक्यावर हात आपटला म्हणून मी थांबलो. बजर तेव्हाही वाजत होता, आधीपासूनच वाजत होता. डिझेलची पिकअप मागे येताना तिच्या इंजिनाचा आवाज पोरांना सावध करतो. तुमची गाडी मागे येताना पायाखालची खडी वाजते, तेवढाच आवाज. बिनआवाजाच्या गाडीत मागचं दाखवणारी साधनं जास्त भरवशाची हवीत, ही अपेक्षा अवास्तव नाही.

ही माझी एकट्याची चिंता आहे असंही नाही. अमेरिकेत मागे येणाऱ्या गाडीखाली दोन वर्षांचा मुलगा सापडला, त्याच्या नावाने २००८ साली कायदा झाला आणि १ मे २०१८ पासून तिथे प्रत्येक नव्या हलक्या वाहनाला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना रिव्हर्स सेन्सर बंधनकारक आहेत. तुम्ही तुमच्या पिकअपला दोन्ही दिलेत, जाहिरातीत त्यांचा उल्लेख ठळकपणे केलात आणि त्यांची किंमतही घेतलीत. मग तुमच्याच यादीतल्या वस्तूने ते निकामी व्हावेत, हे मला मान्य नाही.

सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवली. सुपरवायझर भला माणूस होता, त्याने सायकली चढवून स्वतः पाहिलं. पण सेन्सरच्या वायरी जोडणारा कपलर काढण्याचा त्याने दिलेला उपाय ऐकून मी थक्क झालो: “बंपरच्या आतला कपलर काढून ठेवा, बजर वाजणार नाही.” मी हे लेखी मागितलं, ते मिळालं नाही. कपलर काढला की मीटरवर बिघाडाचा दिवा लागून राहतो आणि सायकली उतरवल्यावर, रिकाम्या गाडीतही, सेन्सर बंदच राहतात. शिवाय उद्या काही झालं तर “वायरिंगला हात कोणी लावला?” हा पहिला प्रश्न तुमच्याकडूनच येईल. बाहेरच्या इलेक्ट्रिशियनकडून कॅमेरा कॅरिअरवर सरकवून घ्यावा तर वॉरंटीचा प्रश्न येतो आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलावर बोट ठेवतं. म्हणजे हा दोष दूर करणं माझ्या हातात नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन गोष्टी. एकोणतीस इंची चाकांची सायकल जवळपास सहा फूट लांब असते. तुमच्या कॅरिअरवर ती आडवी लावली की दोन्ही चाकं गाडीच्या अंगाबाहेर डोकावतात. माल गाडीच्या बाजूला किंवा मागे मर्यादेबाहेर गेला तर कलम १९४ (१अ) प्रमाणे दंड वीस हजार रुपये आहे. माझ्या कित्येक राइड्सची कमाई त्यात जाईल. दुसरी गोष्ट नंबरप्लेटची. हिरव्या पाटीवरची पिवळी अक्षरं चाकांमागे पूर्ण झाकली जातात, उजवीकडचा इंडिकेटरही अर्धा जातो. हाय सिक्युरिटी प्लेट एक पुढची आणि एक मागची अशीच मिळते, तिसरी रंगवून कॅरिअरला टांगता येत नाही. त्यामुळे ही प्लेट कॅरिअरवर हलवण्याची सोय कॅरिअर बनवणाऱ्यानेच द्यायला हवी.

यात अशक्य असं काही नाही. युरोपात टोबॉलवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर, बसणाऱ्या सायकल कॅरिअरना स्वतःची दिव्यांची पट्टी आणि नंबरप्लेटची चौकट असते, गाडीच्या सॉकेटमध्ये प्लग घातला की ब्रेकलाइट, इंडिकेटर सगळं कॅरिअरवर चालू होतं. ट्रेलरच्या बाबतीत तर कित्येक गाड्यांना प्लग जोडला गेल्याचं आपोआप समजतं आणि त्या मागच्या सेन्सरचं वागणं तसं बदलतात. तुमच्या कॅरिअरला एकही वायर नाही. मागे काहीतरी लावलं आहे याचा गाडीला पत्ताच नसतो.

म्हणून माझी मागणी अशी आहे. कॅरिअरला प्लग द्या, म्हणजे तो जोडला की गाडीला कळेल. कॅरिअरच्या मागच्या टोकाला कॅमेरा आणि निदान दोन सेन्सर द्या. मला माझी गाडी कुठे संपते ते पाहायचं नाही, शेवटची सायकल कुठे संपते ते पाहायचं आहे. हे व्हायला वेळ लागणार असेल तर तोवर सॉफ्टवेअरमध्ये कॅरिअरसाठी वेगळी सेटिंग द्या. तिच्यात बंपरचा बजर बंद राहावा, पण “मागचे सेन्सर काम करत नाहीत” असं स्क्रीनवर मराठी-हिंदीत स्वच्छ लिहून यावं, रिव्हर्सचा वेग पायी चालण्याइतका मर्यादित व्हावा, आणि कॅरिअर काढून सेटिंग बदलली की सगळं पूर्ववत व्हावं. गप्प बसलेल्या बजरला चालक “मागे मोकळं आहे” असं समजतो, म्हणून नुसता आवाज बंद करून देऊ नका. आणि बंपरवर, फाळक्यावर कुठल्या भागासमोर काहीही येऊ नये याचा मापांसह आराखडा प्रत्येक ग्राहकाला द्या. सध्याच्या मॅन्युअलमध्ये “सेन्सर स्वच्छ ठेवावेत” एवढं एकच वाक्य आहे. तो आराखडा असता तर आम्ही सायकलवाले हौद्यातच दुमजली रॅक बनवून घेतला असता आणि मागे काही टांगायची वेळच आली नसती.

हे जमणार नसेल तर कॅरिअर परत घ्या, बसवण्याच्या मजुरीसह पैसे द्या आणि यादीतून तो काढून टाका. ज्यांनी तो आधीच घेतला आहे त्यांना फोन करून सांगा. शाळांसाठी सायकली नेणारा मी एकटाच नसेन.

या पत्राला पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं. न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. गाडी व्यावसायिक नोंदणीची आहे म्हणून मी ग्राहकच नाही, असा युक्तिवाद कृपया करू नये. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक हेतूची धरली जात नाही. पण मला आयोगात जायची हौस नाही. गाडी चांगली आहे, ती वापरायची आहे.

कॅरिअर सध्या काढून दुकानात ठेवला आहे आणि जास्तीच्या सायकलींसाठी दुसरा टेम्पो भाड्याने घेतो आहे. त्याची बिलंही सोबत आहेत. तुमचा इंजिनिअर पाठवा. कॅरिअर बसवून चार सायकली चढवतो, त्याला चालकाच्या जागेवर बसवतो आणि रिव्हर्स टाकायला सांगतो.

आपला,
एक ग्राहक
सायकल दुरुस्ती व भाडे व्यवसाय, नाशिक

सोबत: गाडीचं व कॅरिअरचं बिल, सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड, कॅरिअर भरलेला असताना मागच्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनचे व नंबरप्लेटचे फोटो, पेडल फिरताना बजर बंद-चालू होतो त्याचा व्हिडिओ, टेम्पो भाड्याची बिलं.