चार शाळा आणि घराची किल्ली

सातारा,
दि. ४ मे २०२५

चि. सौ. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोहोचल्याचे तुझ्या आईने फोनवर सांगितलेच आहे. विमानतळावर तू माझ्याशी नीट बोलली नाहीस आणि मीही तोंड उघडले नाही, ते मनात घेऊनच सगळा प्रवास झाला. फोनवर पुन्हा माझा आवाज चढेल आणि पुन्हा तू म्हणशील, 'बाबा, तुम्हाला इथलं कळत नाही.' म्हणून लिहितो आहे.

आदल्या रात्री जेवताना मी जे बोललो, की न्यू जर्सीतल्या तुमच्या एडिसन गावातल्या, बाळाच्या सहावीसाठीच्या चारही शाळा एकाच माळेचे मणी आहेत आणि तुम्ही केवळ शाळेच्या हद्दीतल्या पत्त्यासाठी घराचे कर्ज काढत आहात, ते बोलायला नको होते. चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या माणसाने कागद न वाचता मत देऊ नये. तू छापून ठेवलेले राज्याच्या शिक्षण खात्याचे शाळानिहाय अहवाल मी न विचारता बॅगेत घातले होते. गेले आठ दिवस पेन्सिल घेऊन तेच वाचतो आहे: थॉमस जेफरसन, हर्बर्ट हूवर, जॉन अॅडम्स आणि वुड्रो विल्सन. पहिल्या दोन शाळांतली मुले पुढे एडिसन हायस्कूलला जातात आणि नंतरच्या दोन शाळांतली जे. पी. स्टीव्हन्सला, एवढे आता मला पाठ झाले आहे. तुमची सगळी धडपड या दुसऱ्या जोडीसाठी आहे, हेही समजले.

आता मास्तर म्हणून बोलतो, रागावू नकोस. जावईबापू ज्या आकड्यावर बोट ठेवत होते तो उत्तीर्णांचा आकडा आहे, म्हणजे राज्याच्या परीक्षेत ६५० ते ८५० च्या पट्टीवर ७५० किंवा त्याहून अधिक गुण मिळवलेली मुले शेकडा किती, हे तो सांगतो. शाळेने काय शिकवले यापेक्षा शाळेत कोणत्या घरची मुले येतात हेच त्यातून अधिक कळते. माण तालुक्यातल्या माझ्या शाळेत दुष्काळाच्या वर्षी आईबापांबरोबर बाहेर गेलेली मुले परीक्षेपुरती परत येत. त्या वर्षीचा आमचा निकाल आणि साताऱ्यातल्या वकील-डॉक्टरांच्या मुलांच्या शाळेचा निकाल शेजारी ठेवला, तर मी वाईट मास्तर ठरलो असतो. त्याच अहवालात प्रगतीचा वेगळा आकडा आहे. त्यात प्रत्येक मुलाची तुलना राज्यातल्या अशा मुलांशी केलेली असते, ज्यांना आधीच्या परीक्षांत त्याच्याएवढेच गुण होते, आणि ५० म्हणजे बरोबर मध्य. मी शाळा निवडत असतो तर आधी तो पाहिला असता, आणि एका वर्षाचा नव्हे, तीन वर्षांचा. त्यानंतर गैरहजेरीचा पाहिला असता. १८० दिवसांच्या वर्षात अठरा किंवा अधिक दिवस बुडवणारी मुले किती, यावरून मुलांना शाळेत यावेसे वाटते का, याचा थोडा अंदाज येतो.

आणखी एक गोष्ट जावईबापूंना सांग. या चारही शाळांचे शिक्षण मंडळ एकच, नऊ निवडून आलेल्या सभासदांचे, आणि अंदाजपत्रकही एकच. त्यातला मोठा वाटा मालमत्ता कराचा असतो आणि तो गावाच्या उत्तरेकडून व दक्षिणेकडून एकाच तिजोरीत जातो. दोन वेगळ्या गावांच्या शाळांत जेवढे अंतर असू शकते, तेवढे एकाच मंडळाच्या दोन शाळांत सहसा नसते. गुणांकन करणारी संकेतस्थळे दहापैकी आठ आणि दहापैकी सहा असे लिहितात तेव्हा हे कुठेच दिसत नाही.

मी पुन्हा व्याख्यान देऊ लागलो. क्षमा कर. तुझी बाजूही लिहितो, म्हणजे मी ऐकले होते हे तुला कळेल. तुझे म्हणणे होते की सहावीत निरनिराळ्या प्राथमिक शाळांतली मुले एकत्र येतात, त्यामुळे त्या वर्षी सगळेच थोडेफार नवे असतात. शाळा बदलायचीच असेल तर आता बदलावी, नववीत जमलेल्या घोळक्यात एकट्याला ढकलू नये. हे बरोबर आहे. त्या रात्री माझ्याकडे यावर उत्तर नव्हते म्हणूनच मी आवाज चढवला.

तरीही एक विचारतो, आणि एकदाच विचारणार आहे. आता तुम्ही स्टेशनापासून चालत अंतरावर राहता, जेफरसन शाळाही जवळ आहे, आणि बाळ शेजारच्या मुलाबरोबर परत येईल तेव्हा त्या मुलाची आजी दार उघडून उभी असेल. उत्तरेकडच्या घरातून तुला आधी गाडीने मेटुचेन किंवा मेट्रोपार्क स्टेशन गाठावे लागेल, मग न्यूयॉर्क, आणि संध्याकाळी तोच प्रवास उलटा. आज साडेसहाला येतेस, तिथे साडेसातच्या आत येणार नाहीस. जावईबापूंच्या ऑफिसचे तर काही सांगताच येत नाही. शाळा सुटल्यापासून तोपर्यंत बाळाला दार कोण उघडणार? आठवीपर्यंतच्या मुलाचे घर शाळेपासून दोन मैलांहून लांब असेल तरच बस देणे तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे, असे तूच सांगितलेस, आणि पाहिलेले घर दीड मैलावर आहे. जानेवारीतल्या बर्फात तो अकरा वर्षांचा मुलगा दीड मैल चालत येऊन रिकाम्या घराचे कुलूप काढणार, हे मला इथे साताऱ्याच्या उन्हात बसूनही दिसते.

मी हे का धरून बसलो आहे, ते तुला मी कधी सांगितलेले नाही. चौथीच्या स्कॉलरशिपला तुझे नाव जिल्ह्याच्या यादीत आले, त्या दिवशी मी सायकलवरून तीन वाड्यांना पेढे वाटले होते. त्याच उन्हाळ्यात साताऱ्यातल्या तीन शाळांचे दहावीचे निकाल मी वहीत उतरवले, शेकडा किती, पहिल्या श्रेणीत किती, बोर्डाच्या यादीत कोणी आहे का, आणि सर्वांत वरचा आकडा असलेल्या शाळेत तुझे नाव घालून तुला आत्याकडे ठेवले. आत्याची ड्यूटी मला माहीत होती, पण वहीत तिच्यासाठी रकाना नव्हता. दिवाळीच्या आधी एका गुरुवारी न कळवता आलो, तर तू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसली होतीस. किल्ली हरवली होती, आणि ती त्या दिवशी हरवली नव्हती, तीन आठवड्यांपूर्वी. आत्या रागावेल म्हणून तू रोज सहापर्यंत तिथेच बसायचीस. मी विचारले तेव्हा म्हणालीस, 'बाबा, मला चालतं.' दहा वर्षांची होतीस. मी तुझ्या आईला हे सांगितले नाही, आणि तुला परतही नेले नाही, कारण निकाल चांगला होता.

आज तू ज्या इमारतीत काम करतेस ती पाहताना माझी मान दुखून आली. मेन्लो पार्कला संशोधक थॉमस एडिसनच्या स्मारकाच्या टॉवरपाशी बाळ मला सांगत होता, की एडिसन स्वतः लहानपणी काही महिनेच शाळेत गेला होता आणि त्याला आईनेच शिकवले. मी मात्र त्याला सांगत होतो की त्याची आई काय काय शिकली. त्या शाळेने तुला घडवले असेलही. ती पायरी नसती तरी तू इथवर आली असतीस का, याचा मी तीस वर्षे विचार करतो आहे आणि मला उत्तर सापडलेले नाही. म्हणून 'जाऊ नका' असे मी म्हणत नाही. रात्री दोन वाजता तू आकडे जुळवत बसतेस तेव्हा त्या तक्त्यात एक रकाना वाढव, एवढेच म्हणतो. दोन्ही शाळांत फोन करून शाळेनंतरचे वर्ग आणि मंडळे कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत असतात, त्यानंतरची बस मिळते का, आणि सहावीत गणिताची वरची तुकडी कशी ठरते, हे विचार. अहवालात हे सापडत नाही. आणि बाळालाही विचार. सहा महिन्यांत त्याच्या शाळेविषयी घरात इतके बोलणे झाले, पण त्याचे मत कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही विचारले नाही.

उत्तरेकडचे घर घ्यायचे ठरले तर कळव. पुढच्या वर्षी आम्ही सप्टेंबरमध्येच येऊ, थंडी संपेपर्यंत राहू, आणि निदान तेवढे महिने दार मी उघडीन. तुझ्या आईच्या गुडघ्याचे कारण पुढे करू नकोस, डॉक्टरांना विचारून झाले आहे.

तुझा,
बाबा

ता. क. : अहवाल परत पाठवतो आहे, समासातल्या खुणा माझ्या आहेत. आणि किल्लीची जादा प्रत करून ती शेजारी कोणाकडे ठेवाल, तेही कळव.