बेडं

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन झाल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पत्रच लिहा. फोनवर तुम्ही दोघं नुसते भांडता." म्हणून हा खटाटोप.

कोकणातल्या तुझ्या नव्या वाडीतली माणसं बोलेनाशी झालीत म्हणालास. कुंपण घातल्यापासून ना? तुझ्या कलमांखालून जाणारी पायवाट मी वास्तुशांतीलाच पाहिली होती. खालच्या वाडीतल्या बायका त्या वाटेनं धुणं घेऊन पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर जातात. सातबाऱ्यावर ती वाट नाही, हे तुझं म्हणणं खरं. पण तिकडची निम्मी वहिवाट कागदावर नसतेच. तासगावच्या आपल्या तुकड्यामुळे तू शेतकरी ठरलास, नाहीतर कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे ही जमीन घेणंच अवघड होतं. पण तेवढ्यानं तलाठ्याचं समाधान होतं, वाडीचं नाही.

मी काही फार शहाणा होतो असं समजू नकोस. १९८८ साली माझी नेमणूक संगमेश्वर तालुक्यात झाली. मी घाटावरचा, भाषा वेगळी, भाताचं रोप आणि गवत यातला फरक कळत नव्हता. गुरुजी म्हणून मान होता, म्हणजे बसायला खुर्ची मिळायची. पहिल्याच वर्षी देवळाच्या कामाला ५०१ रुपये दिले, फळ्यावर नाव लागलं. तरी शिमग्याला पालखी शेजारच्या दारातून निघायची ती आमचं दार सोडून पुढे. त्याच वर्षी मागच्या आळीतली म्हातारी वारली. कुणी सांगायला येईल म्हणून मी वाट पाहिली आणि शेवटी शाळा भरवली. संध्याकाळी शेजारी एवढंच म्हणाला, "मयताला बोलावणं नसतं, गुरुजी."

मग १९९० चा जुलै. आईचे दिवस भरले होते, रात्री कळा सुरू झाल्या, साकवावरून पाणी चाललेलं. चौघांनी डोली केली. मी मागून कंदील घेऊन. चिखलात एकाची चप्पल रुतली, ती तशीच सोडून तो अनवाणी डांबरी रस्त्यापर्यंत गेला. पहाटे तुझा जन्म झाला. गावात परतल्यावर मी खिशातून नोटा काढल्या, तर त्यांच्यातल्या मोठ्यानं माझा हातच मागे लोटला. म्हणाला, "पैसे नकोत. लावणी राहिलीय आमची, त्याला या."

गेलो. दिवसभर वाकून कंबर मोडली. दुसऱ्या दिवशी माझी निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती. तिसरीतली पोरं बांधावर उभी राहून हसत होती आणि बायका मुकाट्यानं माझी ओळ परत लावत होत्या. त्यानंतर मला कुणी खुर्ची दिली नाही, ओटीवर सरकून जागा द्यायला लागले.

पुढच्या शिमग्याआधी वर्गणीची वही घेऊन दोघं आले. घरटी ११ रुपये, आमच्याकडूनही ११ च. ५०१ देताना मला एवढा आनंद झाला नव्हता. पालखी दारात आली तेव्हा तू आईच्या कडेवर होतास. एका हातानं तिनं देवीची ओटी भरली.

तू शाळेला संगणक दिलास, चांगलं केलंस. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत कचऱ्यावर लांबलचक बोललास, ते जरा कमी चांगलं केलंस. बाबा रे, तू येऊन एक पावसाळा झाला, आणि या सगळ्यात तू फक्त देतोयस. कुणाकडून काही घेतलंस का? अजून कुणाच्या उपकारात नाहीस, म्हणून कुणाला तुझ्याकडे हक्कानं यायला जागाच नाही. शेजाऱ्याकडून पायली दोन पायली भाताचं बियाणं माग. कौलं परतायला हाका मार, आणि ते बोलावतील तेव्हा मीटिंगचं कारण सांगू नकोस. सूनबाईला हे सांगायला नको. ती परवा कुणाच्या तरी अंगणात बसून फणसाची साठं थापत होती म्हणे.

आता कुंपणाचं. सगळं काढू नकोस, गुरांचा त्रास खराच असतो. वाट जिथे येते तिथली तार सोडव आणि बेडं घाल, म्हणजे आडव्या बांबूंचं सरकवता येणारं फाटक, कुलूप न लावता. बांबू दुकानातून आणू नकोस, खालच्या वाडीत कुणाच्या तरी बेटातला माग. ते पैसे घेणार नाहीत, आग्रह करू नकोस.

आणि आईनं विचारलंय, तुमचा शिमगा तेरशाचा की भद्रेचा, म्हणजे त्रयोदशीचा की पौर्णिमेचा? त्याप्रमाणे आम्हाला एसटीचं आरक्षण करायचं आहे. तुला माहीत नसणार. बांबू मागायला जाशील तेव्हा विचारून कळव.

तुझे,
बाबा