नकाशा गटावर उतरवून देणाऱ्या नानांना

आदरणीय नाना,

सा. न. वि. वि.

भूमी अभिलेखातली नोकरी संपल्यावर तुम्ही घरी आराम केला असतात तर कुणी बोट ठेवलं नसतं. तुम्ही आमच्या पारावर येऊन नकाशे पसरलेत. तुमचे आभार जाहीरच मानायचे होते, कारण तुम्ही शिकवलेलं छत्रपती संभाजीनगरच्या भोवताली अनेकांच्या कामी येईल. झालर क्षेत्रातली, म्हणजे शहराच्या कडेची 28 गावं तर आधीच विकास आराखड्यात आली. आता त्यापलीकडच्या शिवारांतही 20 बाय 30 चे प्लॉट पडतायत.

सगळ्यात मोठं काम नकाशाचं. प्रारूप, म्हणजे हरकतींसाठी खुला असलेला कच्चा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की भिंतीवर रंगीत नकाशा लागतो. पिवळा म्हणजे रहिवासी, हिरवा म्हणजे शेती, एवढं कळतं; पण आपला गट कुठला, ते कळत नाही. तुम्ही आधी गट नकाशा आराखड्याच्या प्रमाणात झेरॉक्स करायला लावलात आणि तो ट्रेसिंग पेपरवर उतरवलात. मग दोन्हींवर तीन पक्के बिंदू शोधायला सांगितलंत: तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, जुनी बांधीव विहीर आणि ओढ्यावरचा पूल. दोन बिंदू कसेही जुळतात. झेरॉक्समध्ये नकाशा एका अंगानं ताणला गेला असेल, तर ते तिसऱ्या बिंदूवरच उघडं पडतं, हे तुमचं वाक्य आता इथल्या पोरांना पाठ आहे. तिन्ही बिंदू बसल्यावर कागद ठेवला, तेव्हा दिसलं की आराखड्यातला रस्ता पांदणीवरून जात नाही, मोसंबीच्या बागा मधोमध कापत जातो. काही ठिकाणी आराखड्यावर जमीन एकत्रीकरणात गट नंबर पडले त्याआधीचे जुने सर्व्हे नंबर होते. ते तसेच हरकतीत लिहिले असते तर हरकत भलत्याच जमिनीवर गेली असती.

हरकतीचा अर्ज कसा असावा, हेही तुमच्याकडूनच शिकलो. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 26 खाली हरकतीला 30 दिवस मिळतात. त्यातले पहिले दिवस सभा आणि घोषणांत गेले की कागद गोळा करायला वेळच उरत नाही. एकच मजकूर छापून शंभर सह्या घेतल्या, तर त्या सगळ्या एका ओळीत निकाली निघतात. म्हणून एका गटाला एक अर्ज: गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, सातबारा, आठ-अ म्हणजे खातेउतारा, ट्रेसिंगची प्रत, पिकाचा जागेवरचा फोटो, आणि शेवटी नेमकी मागणी. ‘आमच्यावर अन्याय होतोय’ ही मागणी होत नाही. ‘हा गट शेती विभागात ठेवावा, रस्ता पूर्वेकडच्या पांदणीवरून न्यावा’ ही मागणी होते. अर्जाच्या दोन प्रती करायच्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पुढे कलम 28 खाली नियोजन समितीसमोर सुनावणी होते, तेव्हा तो आवक क्रमांकच विचारतात.

सातबाऱ्याबद्दल तुम्ही कडक बोललात, ते बरं झालं. आराखड्याआधी कलम 25 प्रमाणे सध्याच्या जमीन वापराचा नकाशा करावा लागतो. शेतात अद्रक उभी आणि ई-पीक पाहणी न केल्यानं सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा, असं असेल तर कागदावर ते रान पडीक दिसतं आणि आपल्या हरकतीतलं बळ तिथंच जातं. विहीर, बोअर, फळबाग यांच्या नोंदी बहुतेकांच्या राहिलेल्याच असतात. त्याहून मोठी अडचण वारसांची. सातबारा अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर, सही करणार मुलगा. सुनावणीत पहिला प्रश्न येतो, तुम्ही कोण? वारस नोंदीचा फेरफार प्रमाणित व्हायला वेळ लागतो. फेरफाराच्या नोटिशीनंतर त्यावरच्या हरकतीसाठी 15 दिवस सोडावेच लागतात. त्यामुळे हे काम आराखडा यायच्या आधीचं. आणि वारसांत बहिणी आल्याच. त्यांना न विचारता उभी केलेली एकजूट दलालाच्या पहिल्याच विसाराला, म्हणजे बयाण्याला फुटते, हे तुम्ही भर सभेत सांगितलंत.

विसाराच्या बाबतीत तुमचा सल्ला सगळ्या गावांनी ऐकावा. दलाल आधी रस्त्याकडेचं वावर धरतो. साठेखत आणि मुखत्यारपत्र एकाच बैठकीत करून घेतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कात हैदराबाद कूळ कायद्याच्या कलम 50-ब चा, म्हणजे कुळाला मिळालेली जमीन विकण्यावरच्या निर्बंधाचा शेरा असेल तर त्यातली अट पूर्ण केल्याशिवाय खरेदीखत होत नाही. मग शेतकरी घेतलेला पैसा आणि अडकलेली जमीन या दोन्हींत सापडतो. निजामकाळातली उर्दू सेतवार, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, तुम्ही वाचून मराठीत उतरवून दिलीत आणि 1954 चं खासरा पत्रक तिच्या शेजारी लावून ठेवलंत, म्हणून कुठल्या गटाला कसला शेरा आहे हे आज पोरासोरांनाही माहीत आहे.

पुढचं वावर विकलं गेलं की मागच्याची वाट बंद होते. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे जायला अडथळा झाल्यापासून सहाच महिने असतात. ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणता म्हणता ते निघून जातात. ओढ्याचंही तसंच. प्लॉटिंगवाला मुरूम टाकून ओढा बुजवतो. काळ्या रानात पाणी तुंबतं, मुळांना हवा मिळत नाही, आणि उघडीप पडून कडक ऊन आलं की हिरवीगार पऱ्हाटी दोन-तीन दिवसांत माना टाकते. आकस्मिक मर म्हणून सहायक कृषी अधिकारी फवारणी-आळवणी सांगून जातात, पण मूळ कारण वरच्या अंगाला टाकलेला मुरूम असतो. म्हणून तुम्ही ओढ्याची रुंदी ठिकठिकाणी मोजून, तारीख घालून वहीत लिहायला लावलीत. पावसाळ्याआधीची ती मापं आता पुरावा म्हणून जोडली आहेत.

ग्रामसभेच्या ठरावानं आराखडा कायद्यानं थांबत नाही, हेही तुम्ही आधीच स्पष्ट केलंत, कुणाला खोटी आशा लावली नाहीत. पण ठराव करायचा तर गणपूर्ती दाखवणारा, म्हणजे 15 टक्के किंवा 100 मतदार यांपैकी जो आकडा कमी तेवढ्या सह्यांचा, आणि गट नंबर लिहिलेला. गावठाणापासून 200 मीटरच्या आतली जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 42-ड मुळे घरांसाठी खुली झाली आहे. तिथं भांडू नका, गावातल्या पोरांना घरं लागणारच आहेत, असं तुम्ही म्हणालात. काहींना ते रुचलं नाही. आम्हाला ते सगळ्यात शहाणपणाचं वाटलं, कारण त्यामुळे बाकीच्या शिवाराची मागणी अडवणुकीची न वाटता रास्त वाटू लागली.

नाना, या सगळ्याचे तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, ट्रेसिंग पेपरसुद्धा स्वतःचा आणलात. आम्ही तुमचे मनापासून ऋणी आहोत.

सुनावणीच्या नोटिसा आता येतील. फायली गटवार लावल्या आहेत, ट्रेसिंगची एक प्रत सोबत पाठवतोय. ओढ्याची पूर्वेकडची कड अजून नकाशाशी जुळत नाही. पेरणी लागायच्या आत एकदा येऊन बघाल का? गाडी पाठवतो.

आपले नम्र,
शिवारातले सर्व शेतकरी, आयाबहिणी