हडंब्यालाही मागचा दिवा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीनची काढणी महिन्याभरावर आली आहे. उसाच्या ट्रॉल्यांना दर हंगामाच्या तोंडावर कारखाने आणि वाहतूक पोलीस रिफ्लेक्टर लावतात, त्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. ते काम चांगलंच आहे. पण दसरा-दिवाळीच्या आसपास लातूर, धाराशिव, नांदेडच्या रस्त्यांवर रात्री-बेरात्री जे हडंबे, म्हणजे ट्रॅक्टरवर चालणारी मळणीयंत्रं, ओढून नेले जातात, त्यांची विचारपूस कुणी करत नाही. मी स्वतः औसा तालुक्यात भाड्याने मळणी करतो, म्हणून हे लिहीत आहे.

एका शिवारातली बनीम (कापून रचलेल्या सोयाबीनचा ढीग) संपली की पाऊस यायच्या आत दुसऱ्या शेतकऱ्याकडे पोचावं लागतं. दिवस मळणीत जातो, त्यामुळे ही ने-आण बहुतेक अंधारातच होते. ट्रॅक्टरला मागे लाल दिवे असतात, पण हडंबा त्यांच्याहून उंच आणि रुंद, ते त्याच्याआड जातात. मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला फक्त मातकट पत्रा दिसतो, तोही अगदी जवळ आल्यावर. रिफ्लेक्टरची लाल पट्टी चिकटवलेली असली तरी भुश्श्याने माखलेली असते. ती ओल्या फडक्याने पुसायला कितीसा वेळ लागतो? ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉलीच्या दिव्यांसाठी सात पिनांचं सॉकेट असतं. त्यातून वायर ओढून हडंब्याच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर दिवे बसवता येतात, गावातला वायरमनसुद्धा हे काम करून देतो.

दुसरी गोष्ट चाकांची. हडंबा वर्षातले बरेच महिने झाडाखाली नाहीतर उन्हात उभा असतो. टायरच्या बाजूंना चिरा पडतात, हबमधलं ग्रीस वाळून जातं. शेतात हळू चालताना ते कळत नाही, डांबरी सडकेवर बेअरिंग तापतं आणि चाक निखळतं. म्हणून हंगामाआधी हब उघडून जुनं ग्रीस पुसून नवीन भरायचं, नट आवळायचे, आणि पहिल्यांदा सडकेवर काढल्यावर दोन-तीन किलोमीटरवर थांबून दोन्ही हबजवळ हात नेऊन बघायचा. धग लागली तर पुढे जायचं नाही. हुकाच्या पिनेला लॉकची क्लिप हवीच. कित्येक ठिकाणी तिच्या जागी तार पिळलेली दिसते, खड्ड्यात ती तुटते. साखळी जोडलेली असली तर पीन निघाली तरी हडंबा रस्त्यावर सुटत नाही.

पीटीओचा शाफ्ट (ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद हडंब्याला देणारा फिरता दांडा) काढून बांधून ठेवावा. ब्रेकचे दोन्ही पेडल पट्टीने एकत्र जोडावेत, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर आडवा होतो. निघण्याआधी चाळण्यांतलं उरलेलं सोयाबीन झाडून घ्यावं, कारण पुढचा शेतकरी घरचं बियाणं धरत असेल तर त्यात भेसळ होते, आणि गाजरगवताचं बीही आपणच गावोगाव पोचवतो. मजुरांना हडंब्यावर बसवून नेऊ नये, हे मी मालकांना हात जोडून सांगतो. दिवसभर राबलेला माणूस बसल्या जागी डुलक्या घेतो आणि एका धक्क्यात खाली चाकाशी येतो.

माझी मागणी एवढीच आहे. तालुका कृषी कार्यालय आणि परिवहन विभाग यांनी मिळून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत प्रत्येक बाजार समितीच्या आवारात एक दिवस हडंबा तपासणी ठेवावी. दिवे, पट्टी, हूक आणि चाकं पाहावीत, कमी असेल ते तिथेच लावून घ्यावं. पहिल्या वर्षी दंड लावू नये, नाहीतर मालक यायचेच नाहीत. पट्टीचा आणि दिव्यांचा खर्च आम्ही मालक करू, तपासणारी माणसं तेवढी शासनाने द्यावीत.

– एक हडंबामालक, ता. औसा, जि. लातूर