सर, नव्या प्रतीवर तरी नाव घाला

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव या पत्रात लिहीत नाही. लिहिलं असतं तर ‘हे कशाला आता’ म्हणत तुम्ही पत्र अर्ध्यावर बाजूला ठेवलं असतं. पण तुमच्या पायलटच्या नोट्सना निळं कव्हर, स्पायरल बाइंडिंग आणि आत कुठेही लेखकाचा पत्ता नाही, एवढं सांगितलं तरी कराडला विमान उडवायला शिकलेल्या आणि कराड कधी न पाहिलेल्याही पोरापोरींना कळेल पत्र कुणाला आहे ते.

मी तासगावची. दहावीपर्यंत मराठी माध्यम. बारावीला फिजिक्स-मॅथ्स होतं म्हणून सीपीएलचा, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या परवान्याचा, रस्ता मोकळा, एवढंच काय ते माहीत होतं. कराडला येण्याआधी एका क्लासला गेले, तिथं पहिल्याच दिवशी प्रश्नसंचांचा गठ्ठा हातात पडला. परवाना देणाऱ्या सरकारी डीजीसीएच्या पेपरला 70 टक्के लागतात, निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा घोका आणि मोकळे व्हा, असा सगळा कारभार. घोकून पास होणारे होतातही, खोटं कशाला बोलू. पण पुढं दोनशे तास उडायचं असतं आणि तिथं चार पर्याय समोर येत नाहीत.

तुमच्या नोट्समध्ये पर्याय नव्हतेच. ‘वन इन सिक्स्टी’चा नियम सगळीकडे एकाच साच्यात लिहिलेला असतो: 60 मैलांवर एक अंशाची चूक म्हणजे एक मैलाची चूक. तुम्ही त्याच्याखाली पेन्सिलीनं सातारा ते सांगली सरळ रेघ मारली होती. हे अंतर जवळपास 60 नॉटिकल मैलच भरतं, हे त्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि रेघेखाली प्रश्न: ‘साताऱ्याहून निघालात, हेडिंग तीन अंश डावीकडे गेलं, सुधारलं नाही. सांगलीच्या वेळेला खाली काय दिसेल?’ काढून बघितलं तर मिरज! आमच्या बॅचमध्ये अजूनही कुणाचं काही चुकलं की ‘गेला मिरजेला’ म्हणतात.

हवामानशास्त्राचंही तेच. डोंगरामुळे पडणारा पाऊस शिकवायला तुम्हाला आल्प्स लागले नाहीत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माणला पाचशेच्या आसपास. आता ढग कुठं चढला, कुठं रिता झाला आणि उतरताना हवा का तापली, ते तुम्ही सांगा. माझी आत्या दहिवडीला असते. टँकरची वाट बघण्यात तिची निम्मी हयात गेली. त्यामागचं कारण मला पायलटच्या नोट्समध्ये सापडावं, याचं मला अजून नवल वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती एप्रिलमधली दुपार. पारा 38 वर, माझी सॉर्टी, म्हणजे सरावाचं उड्डाण, लागलेली. तुम्ही विमानाकडे न जाता हँगरच्या सावलीत वही उघडली. ‘काढ डेन्सिटी अल्टिट्यूड.’ म्हणजे तापून विरळ झालेल्या हवेत विमानाला आपण किती उंचीवर आहोत असं वाटतं, ते. कराड समुद्रसपाटीपासून साधारण 1,900 फूट. तिथं प्रमाण तापमान 11 अंश धरायचं. फरक 27 अंशांचा, दर अंशाला 120 फूट कराडच्या उंचीत मिळवायचे.

‘किती आलं?’
‘पाच हजार शंभरच्या पुढं, सर.’
‘महाबळेश्वर किती?’
‘साडेचार हजार.’
‘मग आपलं विमान आत्ता कुठं उभं आहे?’

काही बोलायला जागाच राहिली नाही. हवा विरळ, इंजिन दमलेलं, पंखांना उचल कमी, टेक-ऑफला धाव जास्त. तुम्ही सॉर्टी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ढकललीत आणि चहा मागवलात. आज मी कोपायलट आहे आणि टेक-ऑफचे आकडे टॅब्लेट काढून देतो. तरी उन्हाळ्यात, आकडे समोर यायच्या आधी, मी मनात अंदाज बांधून बघते.

आरटीआरची, म्हणजे विमानातला रेडिओ वापरायच्या परवान्याची, तयारी करून घेताना तुम्ही आमच्याकडे पाठ करून बसायचात. रेडिओवर समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, म्हणून. इंग्रजी बोलताना माझी गाळण उडायची, पण तुमच्या पाठीशी बोलायची भीती नाही वाटली कधी. हा तुमचा हिशेब होता की नुसता योग, ते तुम्हालाच ठाऊक. व्याकरणावर तुम्ही कधी बोट ठेवलं नाहीत. रीडबॅकमधला, म्हणजे टॉवरची सूचना परत म्हणून दाखवतानाचा, एक आकडा गाळला की मात्र पुन्हा पहिल्यापासून.

त्या नोट्समध्ये वाऱ्याच्या त्रिकोणाच्या (वारा विमानाला किती सरकवतो ते काढायच्या आकृतीच्या) पानावर एक चिठ्ठी डिंकानं चिकटवलेली आहे: ‘वरचे उत्तर चुकले होते. दाखवून देणाऱ्याचे आभार.’ ती चूक धरली होती जतच्या एका नवख्या पोरानं, तीही सगळ्यांसमोर. दुसऱ्या कुणी त्याला खाली बसवलं असतं. तुम्ही खिशातलं पेन काढून त्याला मूळ प्रतीवरच दुरुस्ती करायला लावलीत. पुढं चिठ्ठीसकट झेरॉक्सची झेरॉक्स निघत गेली, मग पीडीएफ झाली, आणि परराज्यातल्या मुलांच्या फोनमध्येही ती चिठ्ठी जशीच्या तशी आहे. पैसे तुम्ही फक्त झेरॉक्सचे घेतलेत, तेही सुटे असले तर.

आता कामाचं. झेरॉक्स होऊन होऊन समदाब रेषा पार पुसट झाल्या आहेत, म्हणून आम्ही काही जणांनी आकृत्या नव्यानं काढल्या आहेत. मजकुराला हात लावलेला नाही. सातारा-सांगलीची रेघ आहे तिथंच आहे, चिठ्ठीही. फक्त पहिल्या पानावर तुमच्या नावासाठी जागा सोडली आहे. पुढच्या रविवारी प्रत घेऊन येतो. आकृत्या तपासून द्या, आणि नाव तुमच्या हातानं लिहा. नाही म्हणालात तर तिथंही एक चिठ्ठी चिकटवू, पण मग मजकूर आमचा असेल.

तुमची विद्यार्थिनी,
तासगाव