बहरीच्या ताई, तुमचे आभार

ताई,

2023 मध्ये सुदानच्या युद्धातून, भारत सरकारच्या 'ऑपरेशन कावेरी' या सुटका मोहिमेत आम्ही सुखरूप परत आलो, तेव्हा नागपुरात जो तो विचारायचा, कोणी सोडवलं? सरकारचे, नौदलाचे आभार आम्ही मानले, मनापासून मानले. पण पोर्ट सुदानच्या बसमध्ये बसेपर्यंत आम्हाला जगवलं तुम्ही. हे आज सगळ्यांसमोर सांगते आहे.

15 एप्रिलला राजधानी खार्तूममध्ये लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली. रमजान चालू होता. खार्तूमला लागूनच्या आपल्या बहरी शहराचं जलशुद्धीकरण केंद्र बंद पडलं, नळ कोरडे झाले, वीज गेली. ऊन तर आपल्या नागपूरसारखंच. तुमच्या पदरात तीन लेकरं, नवरा परगावी अडकलेला. गोळीबार जरा थांबला की तुम्ही डबे घेऊन पाण्याला निघायच्या. गाढवगाडीवाला रोज भाव वाढवायचा. तरी आणलेल्या पाण्यातला पहिला तांब्या माझ्या लेकीला, आणि तुमचा स्वतःचा रोजा!

गॅस संपल्यावर तुम्ही कोळशावर किसरा करायला बसलात. ज्वारीचं पीठ आमच्या आंबिलीसारखं आंबवलेलं. ते तापल्या तव्यावर ओतून ताडाच्या पट्टीने झरझर पसरायचं, कडा सुटल्या की अलगद उचलायचं. पीठ घरच्यांपुरतंच होतं. तुम्ही त्यात पाणी वाढवलं, किसरे आणखी पातळ केले आणि आम्हा तिघांनाही त्यात बसवलं. "आम्हाला नको" म्हटलं तर रागावलात.

लष्करप्रमुख बुऱ्हान आणि आरएसएफचा प्रमुख हमेदती यांची नावं जगभर रोज छापून येत होती. त्यांच्या भांडणात एका आईने चूल कशी पेटती ठेवली, ते कुठे छापून आलं नाही. म्हणून मी लिहिते.

आमच्यासाठी बस आली, जेद्दाहला जायची सोय झाली. तुमच्यासाठी कोणीच येणार नव्हतं, हे ठाऊक असूनही वाटेला म्हणून किसरे फडक्यात बांधून दिलेत. पुढे तुम्ही वाद मदनी या शहरात गेलात. डिसेंबरमध्ये तेही आरएसएफने घेतलं आणि लेकरांना घेऊन पुन्हा निघावं लागलं. तुमच्या भाच्याकडून कळलं, आता जिथे आहात तिथल्या मोहल्ल्याच्या तकियात, म्हणजे स्वयंसेवकांच्या मोफत स्वयंपाकघरात, तुम्ही मोठ्या पातेल्यात मसूर शिजवता. ऐकून ऊर भरून आला, पण नवल वाटलं नाही.

जुना नंबर लागत नाही, नवा भाच्याकडे द्या. धाकट्याचा दमा कसा आहे? पोरं शाळेत जातात का? या पत्राचं अरबी भाच्याकडे वेगळं पाठवते आहे.

तुमची,
नागपूरची धाकटी बहीण